टेलचा शेतकरी आणि चीनचं आरमार

२०२४ च्या फेब्रुवारीत तासगाव तालुक्यात द्राक्षांची तोड भरात होती. आबांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा माल पॅकहाऊसमधून रीफर, म्हणजे शीतकरणाच्या, कंटेनरमध्ये चढला, न्हावा-शेवाला गेला आणि रॉटरडॅमच्या वाटेला लागला. दरवर्षीची वाट तांबड्या समुद्रातून सुएझ कालव्याची. त्या वर्षी जहाज तिकडं गेलंच नाही. येमेनमधले हुती बंडखोर नोव्हेंबर २०२३ पासून त्या वाटेवरच्या व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडत होते, म्हणून जहाज कंपन्यांनी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. प्रवासाचे दहा-पंधरा दिवस वाढले, भाडं वाढलं आणि पेटी उघडेपर्यंत घडांचे देठ तपकिरी पडले. देठ हिरवा नसला की तिकडचा खरेदीदार भाव पाडतो.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. डोंगर, खंदक, पहारा सगळं तोंडपाठ, पण समुद्राशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. तो त्या वर्षी द्राक्षाच्या देठातून आला. एका संध्याकाळी बागेतल्या शेडमध्ये बसलो असताना त्यांनी विचारलं, "पोरी, माझ्या एका कंटेनरनं एवढा जीव टांगणीला लावला. त्या चीनचं तर सगळं घरदारच समुद्रावर चालतंय. म्हणून बांधतोय व्हय तो एवढी जहाजं? का त्याला खरंच कुणावर चालून जायचंय?"

मी सांगलीत कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. तरी त्या संध्याकाळी मला अर्धंच उत्तर देता आलं. उरलेलं इथं लिहिते आहे, कारण हा प्रश्न फक्त आबांचा नाही.

पसारा किती आहे ते आधी पाहू. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालांनुसार चीनच्या नौदलात ३७० हून अधिक युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत. अमेरिकेकडे ३०० च्या आत. म्हणजे जहाजांच्या संख्येनं चीनचं नौदल आज जगात सगळ्यात मोठं आहे. पण मोजदाद नुसत्या संख्येनं करू नये. अमेरिकेची जहाजं मोठी आहेत. तिच्याकडे अणुशक्तीवर चालणाऱ्या ११ विमानवाहू नौका आहेत. चीनकडे तीन आहेत आणि तिन्ही साध्या इंधनावर चालतात: २०१२ मध्ये आलेली लिआओनिंग, २०१९ ची शानडोंग आणि २०२५ मध्ये दाखल झालेली फूजियान. यातली लिआओनिंग मुळात सोव्हिएत संघाची. अर्धवट बांधलेला तिचा सांगाडा १९९८ मध्ये युक्रेनकडून मकाव इथल्या एका कंपनीनं विकत घेतला. कारण काय सांगितलं, तर समुद्रावर तरंगता जुगारअड्डा काढायचा आहे. त्या सांगाड्यावर चीन विमानवाहू नौका बांधायला शिकला आणि पंचवीस वर्षांच्या आत विद्युतचुंबकीय यंत्रानं विमान उडवणारी स्वतःची नौका त्यानं पाण्यात उतरवली. हा वेग पाहिला की त्यामागची गरज किती मोठी असेल याचा अंदाज येतो.

ती गरज समजायला आपल्याकडचा पाट पुरेसा आहे. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हेड, म्हणजे पाटाचं वरचं तोंड, आणि टेल, म्हणजे शेवटचं टोक, हे शब्द समजावून सांगायला नकोत. टेलच्या शेतकऱ्याची जमीन कितीही चांगली असो, खत-औषधं वेळेवर असोत, त्याचं पीक वरच्या दारावर अवलंबून असतं. आवर्तन सुटलं, पण मधल्या कुणी दार अडवून धरलं, तर पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. असा शेतकरी काय करतो? तो विहीर खणतो, शेततळं काढतो, आणि पाणी चालू असेल त्या रात्री बॅटरी घेऊन पाटाच्या कडेनं फेऱ्या मारतो. रात्री काठी घेऊन निघालेल्या माणसाकडे पाहून हेडच्याला वाटतं, हा भांडायला आलाय. टेलच्याला वाटतं, मी माझं पाणी राखतोय.

चीन हा तेलाच्या पाटावरचा टेलचा शेतकरी आहे. १९९३ पर्यंत त्याला स्वतःचं तेल पुरत होतं. त्या वर्षी तो निर्यातीपेक्षा जास्त तेल आयात करणारा देश बनला, आणि २०१७ मध्ये त्यानं कच्च्या तेलाच्या आयातीत अमेरिकेलाही मागं टाकलं. आज वर्षाला साधारण ५५ कोटी टन कच्चं तेल तो बाहेरून आणतो. त्यातलं बरंचसं आखातातून आणि आफ्रिकेतून निघून, हिंदी महासागर ओलांडून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातं. सिंगापूरजवळ या सामुद्रधुनीतली सगळ्यात अरुंद जागा तीन किलोमीटरपेक्षाही कमी आहे. सांगलीच्या गणपती मंदिरापासून हरिपूरच्या संगमापर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा. त्याहून जास्त नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखानदार देशाचं इंधन एवढ्या फटीतून आत येतं.

आणि त्या दारावर चीनचा हात नाही. एका बाजूला सिंगापूर आणि मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया, भोवती अमेरिकी नौदलाचा वावर, आणि पश्चिमेच्या तोंडाशी आपली अंदमान-निकोबार बेटं. २००३ मध्ये चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओ यांनी ही अडचण पक्षाच्या नेत्यांपुढे मांडली. तेव्हापासून ती 'मलाक्काची कोंडी' म्हणून ओळखली जाते.

विहिरी आणि शेततळी त्यांनीही काढली. म्यानमारच्या क्यौकप्यू बंदरातून चीनच्या युनान प्रांतात जाणारी तेलवाहिनी २०१७ मध्ये सुरू झाली. तिची क्षमता वर्षाला २.२ कोटी टन. पंचावन्न कोटींपुढे ती किती पुरणार? रशिया आणि कझाकस्तानातून वाहिन्या आल्या. तेलाचे मोठे साठे केले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर चीननं एवढा जोर का दिला, याचीही एक बाजू इथं सापडते: जी गाडी पेट्रोल पीत नाही तिला मलाक्काचं दार लागत नाही. इतकं करूनही मुख्य पाट समुद्राचाच राहिला, म्हणून बॅटरी आणि काठी लागलीच. डिसेंबर २००८ मध्ये सोमालियाच्या चाच्यांविरुद्ध चिनी युद्धनौका एडनच्या आखातात गेल्या आणि तेव्हापासून त्यांची पाळी तिथं अखंड चालू आहे. २०११ मध्ये लिबियात यादवी पेटली तेव्हा चीनला तिथून आपले सुमारे ३५ हजार नागरिक बाहेर काढावे लागले. माल, मजूर, पैसा सगळं जगभर पसरलेलं आणि राखणारा हात मात्र घराजवळच, ही विसंगती त्यांच्या लक्षात आली. २०१७ मध्ये एडनच्या आखाताजवळच्या जिबूती या आफ्रिकी देशात त्यांचा परदेशातला पहिला लष्करी तळ उघडला.

इथवर ऐकून आबा म्हणाले, "मग यात वावगं काय? माझ्या मालाला राखण असती तर मीही घेतली असती." मी मुद्दाम थांबले, कारण राखणीचं कारण खरं असलं तरी ते सगळं कारण नाही. नुसती तेलाची वाट राखायची असती तर त्यांची बहुतेक जहाजं दूरच्या पल्ल्याची असायला हवी होती. प्रत्यक्षात या नौदलाचा मोठा भाग किनाऱ्याजवळच्या लढाईसाठी घडवला आहे: छोट्या क्षेपणास्त्र नौका, डिझेलवरच्या पाणबुड्या, आणि जमिनीवरून समुद्रातल्या जहाजावर मारा करणारी क्षेपणास्त्रं. ही रचना दुसरी एक गोष्ट सांगते, आणि ती जखमेपासून सुरू होते.

१८३९ ते १८४२ च्या अफूच्या युद्धात इंग्रजी नौका चीनच्या नद्यांतून आत घुसल्या. ज्या अफूसाठी हे युद्ध झालं तिच्यातली काही माळव्यात पिकून मुंबईच्या बंदरातून गेलेली होती, ही आपल्याही इतिहासाची एक बाजू. नानकिंगच्या तहात हाँगकाँग गेलं. पुढं १८९४-९५ मध्ये जपाननं चीनचं नवं कोरं उत्तरी आरमार बुडवलं आणि तैवान घेतलं. चिनी शाळेत मुलं या काळाला 'अपमानाचं शतक' म्हणून शिकतात आणि त्यातला मोठा अपमान समुद्राच्या बाजूनं आलेला आहे.

सातारा-सांगलीच्या माणसाला हे परकं वाटू नये. छत्रपती शाहू महाराजांची गादी साताऱ्यात, समुद्रापासून दूर सह्याद्रीच्या अलीकडे. तरी १७१३-१४ मध्ये कान्होजी आंग्रे यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी बाळाजी विश्वनाथांना वाटाघाटी कराव्या लागल्या, कारण कोकण किनारा हातात नसेल तर घाटावरचं राज्य एका अंगानं उघडं राहतं हे त्यांना कळत होतं. कान्होजींचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय व्यापारी जहाजाला त्या किनाऱ्यावर निर्धास्त फिरता येत नसे. आणि १७५६ मध्ये? पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गात कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा पाडाव केला, आरमार बंदरातच जळालं, आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारा कुणी उरला नाही. वर्गात हे शिकवताना अजूनही मला वाईट वाटतं. आरमार उभं करायला पिढ्या जातात, जळायला एक दुपार पुरते.

चीनची जखम मार्च १९९६ मध्ये पुन्हा उघडी पडली. तैवानमध्ये पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक होणार होती. दबाव आणण्यासाठी चीननं त्या बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली. अमेरिकेनं दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या भागात पाठवले, आणि त्यांना रोखण्याजोगं चीनकडे काहीच नव्हतं. आजच्या नौदलाचा पाया शोधायचा तर मी तेलापेक्षा आधी या मार्च महिन्याकडे बोट दाखवीन. पुन्हा तशी वेळ आली तर अमेरिकी ताफ्याला जवळ येण्याआधी दहा वेळा विचार करावा लागला पाहिजे, हे त्यानंतरच्या खरेदीचं आणि बांधणीचं मुख्य सूत्र. लिऊ हुआचिंग हे १९८२ ते १९८८ या काळात चीनचे नौदलप्रमुख होते. जपानपासून तैवान, फिलिपाइन्स, बोर्निओपर्यंत जी बेटांची माळ आहे तिच्या आतला समुद्र आधी ताब्यात यावा आणि मग बाहेर पडावं, असा टप्प्याटप्प्याचा विचार त्यांनी मांडला होता. नकाशा पाहिला की त्यांना काय बोचत होतं ते कळतं. चीनचा किनारा लांबच लांब आहे, पण त्याच्यासमोर दुसऱ्यांच्या बेटांचं कुंपण उभं आहे आणि त्या कुंपणाच्या मधोमध तैवान आहे. चीनच्या मते तैवान हा त्याचाच, परत यायचा राहिलेला भाग. तिथल्या बहुसंख्य लोकांना मात्र चीनच्या राज्यात जायचं नाही. हा सगळा प्रश्न एका वाक्यात मिटण्याजोगा नाही.

दक्षिण चिनी समुद्रात जे चाललं आहे त्याला मात्र आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: बांध कोरणं. बांध कोरणारा एका रात्रीत शेजाऱ्याचं शेत घेत नाही. दर नांगरटीला फाळ वीतभर पलीकडून घालतो. वीतभर जमिनीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? दहा वर्षांनी सरकारी मोजणी आणली की कळतं, दोन गुंठे गेले. चीननं १९७४ मध्ये पॅरासेल बेटांचा उरलेला भाग दक्षिण व्हिएतनामकडून घेतला. १९८८ मध्ये स्प्रॅटली बेटांत पाय रोवला. २०१२ मध्ये स्कारबरो खडकांवरून फिलिपाइन्सला मागं सारलं. २०१३ पासून दोन-तीन वर्षांत सात प्रवाळ खडकांवर वाळू उपसून टाकत सुमारे ३,२०० एकर नवी जमीन तयार केली आणि त्यावर धावपट्ट्या बांधल्या. फिलिपाइन्सनं मोजणी आणलीच: १२ जुलै २०१६ रोजी हेगच्या लवादानं चीनचा त्या समुद्रावरचा ऐतिहासिक हक्काचा दावा कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. चीननं तो मानला नाही. या कामात युद्धनौका पुढं नसतात. पुढं असतात तटरक्षक दलाच्या बोटी आणि मासेमारीच्या वेषातले निमलष्करी लोक, पाण्याचे फवारे मारत, आडवे येत. युद्धनौका क्षितिजावर उभ्या राहतात, तेवढंच पुरतं.

या समुद्राबद्दल चीनचा हट्ट एवढा का, याचं एक कारण पाण्याखाली आहे आणि त्याची चर्चा कमी होते. अण्वस्त्रं असलेल्या देशाला एक हमी हवी असते की शत्रूनं पहिला घाव घातला तरी आपल्याकडे उत्तर द्यायला काही उरेल. ती हमी खोल पाण्यात लपलेली पाणबुडी देते. चीनच्या उत्तरेचा पीत समुद्र सरासरी ४४ मीटर खोल आहे. तिथं मोठी पाणबुडी लपणार कुठं? दक्षिण चिनी समुद्राच्या मध्यभागी मात्र हजारो मीटर खोली आहे, आणि चीनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा मोठा तळ हैनान बेटावर, त्याच समुद्राच्या तोंडाशी आहे. म्हणजे तो समुद्र त्यांच्यासाठी माशांचा आणि तेलाचा तर आहेच, शिवाय शेवटचं हत्यार ठेवायची कोठीही आहे. ज्या घरात तिजोरी आहे त्या घराच्या अंगणात परक्याचा वावर कुणाला चालत नाही.

यात एक साधी गोष्ट विसरली जाते: आरमार बांधायला फुरसत लागते, जमिनीवरची फुरसत. रशियाशी सीमेचा शेवटचा करार २००४ मध्ये झाला. मध्य आशियातल्या देशांशी आणि व्हिएतनामशी जमिनीची हद्द त्याआधीच ठरली होती. आता भारत आणि भूतान एवढ्यांशीच त्यांचा जमिनीवरचा वाद शिल्लक आहे. ज्याच्या तीन बाजूंचे बांध मिटले तो चौथ्या बाजूकडे वळतो. २०१५ च्या त्यांच्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिकेत तर लिहिलंच होतं की समुद्रापेक्षा जमीन मोठी हा जुना विचार सोडला पाहिजे. फुरसतीबरोबर कारखानेही लागतात, आणि ते त्यांच्याकडे भरपूर आहेत. अलीकडच्या वर्षांत जगातल्या व्यापारी जहाजांच्या बांधणीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या चीनचा आहे. ज्या गोदीत तेलवाहू जहाज बांधतात तिथल्याच कामगारांना, तिथल्याच पोलादानं युद्धनौका बांधता येते. मोठ्या सत्तेकडे मोठी नौका हवी, ही प्रतिष्ठेची भावनाही आहे, आणि पक्षाला ती लोकांपुढे मिरवायलाही उपयोगी पडते.

मग आबांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर काय? राखण की चढाई? माझं मत असं आहे की चीनच्या मनात सुरुवात भीतीनं झाली, पण भीतीनं उचललेली काठी हातात आल्यावर तिचे दुसरे उपयोगही सुचू लागतात, आणि फिलिपाइन्सच्या कोळ्यांना आज त्या काठीचा जो अनुभव येतोय त्याला राखण म्हणता येणार नाही. शेजारी तर काठीच पाहतात. जपाननं आपल्या दोन मोठ्या नौका लढाऊ विमानं उतरतील अशा करायला घेतल्या. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियानं अमेरिका आणि ब्रिटनशी अणुपाणबुड्यांचा करार केला. २०२३ मध्ये फिलिपाइन्सनं अमेरिकी सैन्याला आणखी चार तळ वापरायला दिले. हे पाहून चीन म्हणतो, बघा, आम्हाला घेरताहेत, आणि आणखी जहाजं बांधतो.

आपली जागा या पाटावर अवघड आहे. मलाक्काच्या दाराशी बसलेले हेडचे शेतकरी आपण आहोत. ग्रेट निकोबार बेट त्या वाटेच्या जवळ आहे आणि २००१ पासून अंदमान-निकोबारला तिन्ही दलांचं एकत्रित कमांड आहे. बीजिंगमध्ये नकाशा उलगडणाऱ्याला ही बेटं कुलपासारखी दिसत असणार. पण त्याच वेळी आपलंही बहुतेक कच्चं तेल बाहेरूनच येतं, आणि त्यातलं बरंचसं आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या दारातून, म्हणजे तिथं आपण टेलला. म्हणूनच २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोला लागली, २०१७ मध्ये श्रीलंकेचंच हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीकडे गेलं, २०२२ मध्ये युआन वांग ५ हे टेहळणीचं जहाज तिथं आलं, तेव्हा दिल्लीत एवढी अस्वस्थता होती. आपणही बांधतोच आहोत: सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीत विमानवाहू विक्रांत आली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत सुरत, निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी एकाच दिवशी दाखल झाल्या. आबांची द्राक्षं आफ्रिकेच्या वळशाला लागली त्याच्या थोडंच आधी, जानेवारी २०२४ मध्ये, एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा आपली विशाखापट्टणम ही विनाशिका मदतीला धावली होती.

पुढं काय पाहत राहावं, असं आबांनी शेवटी विचारलं. मी म्हटलं, विमानवाहू नौकेचा फोटो सगळेच पाहतात, तुम्ही तिच्यामागचं इंधनाचं जहाज पाहा. आबा लगेच समजले. "म्हणजे लंगर, फौजेचा भटारखाना, कुठं पडतोय ते बघायचं. तोफा नंतर येत्यात," ते म्हणाले. तेच. खोल समुद्रात ताफा महिनोन्महिने राहायचा तर त्याला चालता चालता इंधन, रसद, दारूगोळा पुरवणारी मोठी, वेगवान जहाजं लागतात, आणि दुरुस्तीला हक्काची बंदरं. त्या पहिल्या प्रकारातली जहाजं चीनकडे अजून थोडीच आहेत, आणि हिंदी महासागरात उघडपणे तळ म्हणावं असं एकटं जिबूती आहे. ती जहाजं एकामागून एक उतरू लागली, किंवा पाकिस्तानातल्या ग्वादर बंदरात व्यापारी धक्क्याशेजारी युद्धनौकांची दुरुस्ती सुरू झाली, तर समजायचं की तैवानच्या पलीकडचा बेत आता कागदावरून पाण्यात उतरला आहे.